कंपनीचे नाव, विभागाचे नाव, ब्रँडचे नाव : सोलापूरच्या उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात एकाच घराचे तीन-चार उद्योग असणे नवलाचे नाही. अक्कलकोट रोडला यंत्रमाग, चिंचोळीला टॉवेल, नवी पेठेत दुकान आणि पुढच्या पिढीने सुरू केलेले शाळेचे गणवेश. बाजारात सगळ्यांना मिळून एकच नाव असते. कागदावर मात्र चार वेगळी नावे असतात आणि त्या चारांची दहा रूपे फिरत असतात. एक फ्लेक्सवाल्याने लिहिलेले, एक टॅलीत टाकलेले, एक बँकेत नोंदलेले. हे प्रश्न त्या गोंधळातले आहेत. उदाहरणांत सगळीकडे ‘अबक’ हे नमुन्याचे नाव घेतले आहे.

कायदेशीर नाव, व्यापारी नाव, विभागाचे नाव आणि ब्रँड यांत फरक काय?

कायदेशीर नाव म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर आणि पॅनवर असलेले नाव : अबक टेक्स्टाईल्स प्रायव्हेट लिमिटेड. करार याच नावाने होतो, कर्ज यालाच मिळते, दावाही यावरच लागतो. व्यापारी नाव म्हणजे ज्या नावाने गिऱ्हाईक ओळखते ते. जीएसटीच्या अर्जात यासाठी वेगळा रकाना असतो. विभागाचे नाव, उदाहरणार्थ ‘अबक टॉवेल्स’, ही कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी केलेली वाटणी आहे. कायद्याच्या नजरेत तिला स्वतंत्र अस्तित्व नाही. ब्रँड मालावर असतो : चादरीच्या लेबलवर, टॉवेलच्या पिशवीवर, चटणीच्या पाकिटावर.

चारही नावे सारखी असू शकतात, वेगळीही असू शकतात. बिघडते ते एकाच्या जागी दुसरे वापरल्यावर.

आमचा ‘ग्रुप’ आहे. लेटरहेडवर ‘अबक ग्रुप’ एवढेच चालेल का?

जाहिरातीत आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्रात चालेल. कोटेशन, ऑर्डर, करार किंवा बिलावर चालणार नाही. ‘ग्रुप’ ही व्यक्ती नाही, संस्था नाही. तिला पॅन नाही, खाते नाही. वडिलांची मालकी पेढी, भावांची भागीदारी आणि मुलांची प्रायव्हेट लिमिटेड मिळून ‘ग्रुप’ म्हणवत असतील, तर ‘ग्रुप’च्या लेटरहेडवर दिलेल्या दराची जबाबदारी तिघांपैकी नेमकी कुणाची, हा वाद पैसे अडकल्यावरच सुरू होतो.

लेटरहेडवर ‘अबक ग्रुप’ हवेच असेल तर ते बोधचिन्हाशेजारी ठेवा. पत्र ज्या संस्थेचे आहे तिचे पूर्ण नाव वर ठळक आणि सहीच्या वर पुन्हा एकदा हवे.

आमचे युनिट हा विभाग आहे की वेगळी कंपनी, हे कसे ओळखायचे? आमच्याकडेच एकमत नाही.

पॅन बघा. दोन युनिटचा पॅन एकच असेल तर ते एकाच संस्थेचे विभाग, वेगळा असेल तर वेगळ्या संस्था. पॅन हाताशी नसेल तर जीएसटी क्रमांक काढा. त्याची १५ अक्षरे असतात. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅनच. पॅनचे चौथे अक्षर, म्हणजेच जीएसटी क्रमांकाचे सहावे, संस्थेचा प्रकार सांगते : ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), ‘पी’ असेल तर व्यक्ती, म्हणजे मालकी पेढी, आणि ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब.

महाराष्ट्रातली दोन युनिटे एकाच जीएसटी क्रमांकाखाली ‘व्यवसायाची अतिरिक्त जागा’ म्हणून दाखवता येतात. हवे असल्यास एकाच पॅनवर वेगवेगळे क्रमांकही घेता येतात. म्हणून क्रमांक वेगळा दिसला की संस्था वेगळी, असे धरू नका. मधली दहा अक्षरे जुळतात का तेच पाहा. उद्यम नोंदणीला, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, मात्र ही सवलत नाही. एका उद्योगाची एकच उद्यम नोंदणी होते आणि युनिटे तिच्यातच नमूद करायची असतात. प्रत्येक युनिटच्या नावाने स्वतंत्र ‘उद्यम’ काढून देणाऱ्या एजंटापासून दूर राहिलेले बरे.

विभागाच्या नावाने बिल काढले तर काय बिघडते?

पहिला फटका पैशाला बसतो. बिलावर ‘अबक टॉवेल्स’, खाते ‘अबक टेक्स्टाईल्स प्रायव्हेट लिमिटेड’चे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचे बँकेतले नाव पडद्यावर पाहता येते. ते बिलावरच्या नावाशी जुळले नाही की मोठ्या गिऱ्हाइकाचा हिशेबनीस पेमेंट थांबवतो. त्याला दोष देता येणार नाही, बनावट बिले अशीच पकडली जातात.

दुसरा फटका करात बसतो. जीएसटीच्या बिलावर पुरवठादाराचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असावाच लागतो. ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) लागू असलेल्यांना, म्हणजे वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना, कायदेशीर नावाचा रकाना सक्तीचा आहे आणि व्यापारी नावाचा ऐच्छिक. म्हणजे पोर्टलवर एक नाव आणि छापील बिलावर दुसरे, अशी फारकत होते.

तिसरा फटका वसुलीला. ऑर्डर एका नावाने, चलन दुसऱ्या नावाने आणि बिल तिसऱ्या नावाने असेल तर माल नेमका कुणी कुणाला दिला, हे सिद्ध करण्यातच पहिल्या काही तारखा जातात.

बिलाचा मथळा असा ठेवा :

अबक टेक्स्टाईल्स प्रायव्हेट लिमिटेड
टॉवेल विभाग

पहिली ओळ मोठी, दुसरी तिच्या साधारण साठ टक्के. उलट करण्याचा मोह प्रत्येक विभागप्रमुखाला होतो. तो फ्लेक्सवर पुरवावा, बिलबुकावर नाही. कोणत्या विभागाचे बिल हे ओळखायला क्रमांकाआधी ‘टॉ’ किंवा ‘ग’ असा संकेत लावायचा असेल तर तो रोमन लिपीत घ्या आणि संपूर्ण क्रमांक १६ अक्षरांच्या आत बसवा, तेवढीच मर्यादा आहे.

पूर्ण कायदेशीर नाव नेमके कुठे लागते?

कंपनी असाल तर कंपनी कायदा २०१३ चे कलम १२ वाचून घ्या, लहानसे आहे. जिथे जिथे कंपनीचा व्यवहार चालतो त्या प्रत्येक जागेबाहेर कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता वाचता येईल असा लावावा लागतो, आणि तो त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही हवा. म्हणजे फक्त मुख्य कार्यालयाला पाटी आणि चिंचोळीच्या शेडला ‘अबक टॉवेल्स’ एवढाच फ्लेक्स, हे पुरत नाही. पत्रे, बिले, नोटिसा यांवर नाव, पत्ता, २१ अक्षरांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), दूरध्वनी, आणि असतील तर ईमेल व संकेतस्थळ छापायचे. चुकल्यास दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाख, आणि तो दंड कंपनीला व जबाबदार अधिकाऱ्यांनाही.

एलएलपीने बिलावर आणि पत्रव्यवहारात नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित जबाबदारीची नोंद असल्याचे विधान छापायचे. एकल व्यक्ती कंपनीच्या नावाखाली ‘वन पर्सन कंपनी’ हे शब्द कंसात लागतात. जीएसटी घेतलेल्या प्रत्येकाने प्रवेशाशी असलेल्या नामफलकावर जीएसटी क्रमांक आणि आत दर्शनी जागी नोंदणी दाखला लावायचा, प्रत्येक अतिरिक्त जागेवरसुद्धा.

भागीदारी पेढीला ‘अँड कंपनी’ लावता येते. ‘लिमिटेड’ किंवा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावता येत नाही. नोंदणी नसताना हे शब्द वापरल्यास दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंडाची तरतूद कलम ४५३ मध्ये आहे.

‘प्रायव्हेट लिमिटेड’ की ‘प्रा. लि.’? ‘अँड’ की ‘&’? आणि ‘मे.’ लावायचे का?

करार, निविदा, बँक, कर, निर्यात : इथे दाखल्यावर जसे आहे तसे, टिंबासकट. बातमी, माहितीपत्रक, फलक : ‘प्रा. लि.’ चालते, पण टिंबांसह की टिंबांशिवाय ते एकदा ठरवा. दाखल्यावर ‘अँड’ अक्षरात असेल तर चिन्ह टाकू नका. ऑनलाइन अर्जातली जुळवणी यंत्र करते, त्याला दोन्ही सारखे वाटत नाही.

‘मे.’ हा नावाचा भाग नाही. ते दुसऱ्याने पेढीला उद्देशून लिहायचे संबोधन आहे. स्वतःच्या पाटीवर ‘मे. अबक टेक्स्टाईल्स’ लिहिणे म्हणजे स्वतःच्या नावापुढे स्वतःच ‘श्रीयुत’ लावणे.

नाव देवनागरीत कसे लिहायचे? दाखल्यावर तर रोमनमध्येच आहे.

इथे सोलापुरातल्या बहुतेक कंपन्या चुकतात, कारण देवनागरी रूप कुणी ठरवलेलेच नसते. ‘टेक्स्टाईल्स’, ‘टेक्सटाईल्स’, ‘टेक्स्टाइल्स’, ‘टेक्स्टाईल’ ही चारही रूपे एकाच कंपनीच्या चार कागदांवर सापडतात. डीटीपीवाल्याला जे सुचले ते त्याने टाइप केले आणि मालकाने बोधचिन्हाचा रंग तपासून पास केले.

एक रूप निवडा आणि संचालकांच्या बैठकीत लिखित नोंदवा. ‘ई’ ऱ्हस्व की दीर्घ याबाबत व्याकरणाचा वाद घालत बसू नका. कोणतेही घ्या, पण तेच सगळीकडे. शेवटचा ‘स’ विसरू नका. दाखल्यावर अनेकवचन असेल तर देवनागरीतही तेच हवे.

मग ते रूप युनिकोडमध्ये टाइप करून एका फाइलीत ठेवा आणि सगळ्यांना तिथूनच उचलायला सांगा. दोन कारणे आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात, ‘क्स्टा’चे तीन तुकडे होतात. आणि ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते : एकसंध, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात आणि शोधल्यावर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. ‘ॲपरल्स’ किंवा ‘ॲग्रो’ नावात असणाऱ्यांनी हे आजच तपासावे.

कन्नड आणि तेलुगूतही पाटी हवी आहे. भाषांतर करायचे का?

नावाचे भाषांतर कधीच नको, लिप्यंतर करा. वर्णन करणारा भाग, जसे ‘टॉवेल विभाग’, भाषांतरित केला तरी चालेल.

लिप्यंतर देवनागरीवरून डोळे झाकून करू नये. मराठीत ‘अबक’ लिहिले तर शेवटचा ‘क’ आपण हलन्त उच्चारतो. कन्नड-तेलुगूत लिहिलेला ‘अ’ पूर्ण वाचला जातो, त्यामुळे शेवटी हलन्ताचे चिन्ह दिले नाही तर वाचणारा ‘अबकऽ’ असे लांबवून वाचतो. शिवाय या दोन्ही भाषांत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे आहेत, आपल्याकडे ती खूण नाही. ‘टेक्स्टाईल्स’मधला ‘टे’ ऱ्हस्व आहे. दीर्घ लिहिला की परका वाटतो. विजयपूर, कलबुर्गी किंवा हैदराबादला जाणाऱ्या मालाच्या लेबलसाठी ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून रूप ठरवून घ्या. सोलापुरात असा माणूस शोधायला चार घरे ओलांडावी लागत नाहीत.

मराठी वाक्यात कंपनीच्या नावाला प्रत्यय कसा लावायचा?

नावाचे सामान्यरूप करायचे नाही, प्रत्यय थेट जोडायचा. साधा धागा ‘धाग्याने’ शिवतात, पण ‘अबक धागा’ हा विभाग असेल तर ‘अबक धागाने नवे माग बसवले’, ‘अबक धागाचे दर’. कानाला पहिल्यांदा खटकते. पण ‘अबक धाग्याचे दर’ म्हटले तर विभागाच्या सगळ्या मालाचे दर की नुसत्या सुताचे, हे कळत नाही. गावाचे नाव स्वतंत्र आले तर ‘सोलापुरात’ बरोबर, पण नावाचा भाग म्हणून आले तर ‘अबक सोलापूरने’, इथे ‘पू’ दीर्घच.

अवतरण चिन्ह लावणार असाल तर प्रत्यय चिन्हाबाहेर : ‘अबक’च्या. प्रत्यय तोडून लिहिणे, जसे ‘अबक च्या’, ही चूक व्हॉट्सॲपवरून माहितीपत्रकात शिरली आहे.

वचन आणि लिंगही ठरवा. ‘टेक्स्टाईल्स’ अनेकवचनी दिसते म्हणून ‘अबक टेक्स्टाईल्स माल पाठवतात’ असे लिहितात. कंपनी एकच आहे, तेव्हा ‘पाठवते’. कंपनी स्त्रीलिंगी, उद्योगसमूह आणि विभाग पुल्लिंगी. आणि एका पत्रकात ‘आम्ही’ व ‘कंपनी’ दोन्ही मिसळू नका.

विभागांना नावे कशी द्यावीत?

मूळ नाव आणि त्यापुढे काम सांगणारा साधा शब्द : अबक टॉवेल्स, अबक गणवेश, अबक निर्यात. बस्स.

टाळायच्या गोष्टी तीन. रस्त्याचे नाव : ‘अक्कलकोट रोड युनिट’ पाच वर्षांनी चिंचोळीला हलले की नाव खोटे पडते. क्रमांक : ‘युनिट २’ बंद झाल्यावर १ आणि ३ उरतात, आणि नवे गिऱ्हाईक ‘२’ कुठे आहे ते विचारत राहते. शेडला क्रमांक देणे वेगळे, तो आतल्या कामाचा आहे, बाहेर छापू नका. माणसाचे नाव : ‘दादांचे युनिट’, ‘धाकट्यांचे युनिट’. घरात वाटणी झाली की हेच नाव भांडणाचे कारण होते.

विभागाचे नाव स्वतंत्र कंपनीसारखे वाजू देऊ नका. ‘अबक टॉवेल्स इंडस्ट्रीज’ वाचून कुणालाही ती वेगळी संस्था वाटेल.

प्रत्येक विभागाला वेगळे बोधचिन्ह हवे का?

नको.

सोलापूरचे जुने रोमन स्पेलिंग आमच्या नावात आहे. बदलावे का?

ज्या कागदावर जसे नोंदले आहे तसेच लिहायचे. इंग्रजी अमदानीत गावाचे स्पेलिंग ‘शो’ने सुरू व्हायचे, म्हणून त्या काळातल्या संस्थांची नावे ‘शोलापूर’ अशी वाचली जातात. १८७७ साली निघालेली जुनी मिल हे ठळक उदाहरण. तिच्यासाठी संसदेने १९५० साली केलेल्या कायद्याच्या नावात आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्याच्या कागदांतही ‘शोलापूर’च आहे. ते कुणी दुरुस्त करत नाही, करूही नये.

तुमच्या दाखल्यावर जुने स्पेलिंग असेल तर दोन मार्ग : कायदेशीर प्रक्रिया करून नाव बदला, किंवा नावात जुने आणि पत्त्यात नवे असे दोन्ही जपा. दाखला न बदलता लेटरहेडवर परस्पर नवे स्पेलिंग घालणे, हा तिसरा मार्ग नाही.

शेजारच्या शाखांचेही पाहा. उस्मानाबादचे धाराशिव २०२३ साली झाले. शाखेचे नाव ‘उस्मानाबाद डेपो’ असेल तर पत्त्यात धाराशिव आणि शाखेच्या नावात उस्मानाबाद अशी खिचडी होते. गावाच्या नावाने शाखा ओळखायची असेल तर दोन्ही एकदमच बदला.

‘सोलापुरी चादर’ हे शब्द ब्रँडच्या नावात घेता येतील का?

स्वतःची मालकी सांगणारा ट्रेडमार्क म्हणून नाही. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. मानांकन एका कंपनीचे नसते, त्या भागातल्या उत्पादकांचे असते, आणि ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती असेल तर लेबलवर तुमचा ब्रँड वर आणि मालाचे वर्णन म्हणून ‘सोलापूर चादर’ खाली, वेगळ्या ओळीत ठेवा. दोन्ही एका ओळीत, एका फॉन्टमध्ये जोडले की ते ब्रँडचे नाव वाटू लागते. बाहेरून आणलेल्या मालावर हे शब्द छापणे तर साफ चूक. सोलापूरच्या नावावर स्वस्तातला माल खपवणाऱ्यांबद्दल इथले कारखानदार जी तक्रार करतात, तिला मग तोंड राहत नाही.

कंपनी नोंदली म्हणजे नाव आपले झाले ना? ट्रेडमार्क वेगळा कशाला?

नाही झाले. कंपनी नोंदणी फक्त त्याच नावाची दुसरी कंपनी होऊ देत नाही. तेच नाव कुणी टॉवेलवर छापले तर ते थांबवायला ट्रेडमार्क लागतो. उलटेही घडते : तुमचे नाव आधीच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कसारखे असेल तर त्याचा मालक कंपनी नोंदल्यापासून तीन वर्षांत अर्ज करून तुम्हाला नाव बदलायला लावू शकतो.

ट्रेडमार्क वर्गानुसार मिळतो. चादर-टॉवेल वर्ग २४, तयार कपडे व गणवेश वर्ग २५, चटणी वर्ग ३०, विडी वर्ग ३४. चादरीसाठी घेतलेली नोंदणी गणवेशाला आपोआप लागू होत नाही. नवा विभाग काढताना नेमके हेच राहून जाते. ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये (व्यक्ती, लघुउद्योग, स्टार्टअप) किंवा ९,००० रुपये (इतर), मुदत १० वर्षे.

वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच लावा. आधी लावणे हा कायद्याने दंडनीय प्रकार आहे. अर्ज केला असेल किंवा केलाही नसेल तरी ‘टीएम’ लावता येते. ही खूण ब्रँडच्या नावाला लागते, कंपनीच्या पूर्ण नावाला नाही. ‘प्रायव्हेट लिमिटेड’च्या पुढे ‘आर’ लावलेली लेटरहेड दिसली की समजावे, तपासणारा कुणी नव्हता.

चादरीतच नाव विणून घ्यायचे आहे. काय बघावे?

नाव आधी कायमचे ठरवा, मग जॅकार्डकडे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राकडे, जा. पंचकार्डाच्या जॅकार्डवर बाण्याच्या एका पिकला, म्हणजे एका आडव्या धाग्याला, एक कार्ड लागते. नावात एक काना बदलला तरी तेवढ्या पट्ट्याची कार्डे नव्याने पाडावी लागतात. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर फाइल बदलते, पण तोवर विणलेला माल बदलत नाही.

देवनागरी विणायला रोमनपेक्षा जास्त उंची लागते, कारण शिरोरेघेच्या वर वेलांटी-मात्रा, मधे अक्षर आणि खाली उकार असे तीन मजले असतात. एका इंचात ४० पिक असतील आणि अक्षराला पाव इंच दिला, तर उंचीला फक्त १० पिक मिळतात. रोमन मोठी अक्षरे त्यात बसतात. देवनागरीत वरच्या मात्रेला दोन-तीन पिक गेले, शिरोरेघेला एक आणि उकाराला दोन की मूळ अक्षराला चार-पाच उरतात आणि ‘क्स्टा’ची गाठ होते. अर्धा इंच द्या, म्हणजे २० पिक. जागाच नसेल तर विणायला ब्रँडचा छोटा शब्द घ्या आणि पूर्ण नाव शिवलेल्या लेबलवर टाका. नमुना विणून एकदा धुऊन पाहा. आटल्यावर अक्षरे अजून जवळ येतात.

माल जॉबवर्कने बाहेर करून घेतो. लेबलवर कुणाचे नाव?

पाकीटबंद मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता लागतो, आणि पॅकिंग करणारा वेगळा असेल तर त्याचाही. विकणारे तुम्ही असाल तर ‘विपणन’ म्हणून तुमचे नाव स्वतंत्र ओळीत. नावे कायदेशीर आणि पूर्ण. ‘अबक टॉवेल्स, सोलापूर’ एवढ्यावर भागत नाही. खाद्यपदार्थ असेल तर १४ अंकी एफएसएसएआय परवाना ज्या नावावर आहे, तेच नाव पाकिटावर हवे.

निर्यातीच्या कागदांत नाव थोडे वेगळे पडले तर खरंच अडते का?

अडते. एल.सी. (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशाची हमी) वर बँक माल पाहत नाही, कागद पाहते. यूसीपी ६०० या एल.सी.च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यापारी बिल लाभार्थीनेच, म्हणजे ज्याला पैसे मिळायचे त्यानेच, काढलेले दिसले पाहिजे. एल.सी. कंपनीच्या पूर्ण नावाने उघडली आणि बिलाच्या मथळ्यावर विभागाचे नाव मोठे असले की बँकेला विसंगती दाखवायला जागा मिळते. मग शुल्क कापले जाते, खरेदीदाराची संमती मागवली जाते आणि बाजार उतरलेला असेल तर तो त्याच निमित्ताने दर पाडून मागतो. पत्त्यात थोडा फरक असलेला चालतो, देश तोच हवा. अर्थ न बदलणारी टाइपाची चूक सहसा माफ होते. पण संस्था वेगळी वाटेल असा फरक माफ होत नाही.

प्रोफॉर्मा बिल (मालाआधी पाठवायचे कच्चे बिल) पाठवतानाच त्यावर नाव, पत्ता आणि खात्याचे नाव अचूक द्या, कारण खरेदीदाराची बँक एल.सी. तिथूनच उतरवून घेते. एल.सी. आली की पहिल्याच दिवशी अक्षर-अक्षर जुळवा. दुरुस्ती माल लावण्याआधी मागायची, नंतर नव्हे.

दुकानाच्या पाटीवर मराठी किती मोठी?

देवनागरीतली मराठी अक्षरे इतर कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. बोधचिन्हातच रोमन नाव भलेमोठे असेल तर अडचण होते. म्हणून बोधचिन्हाचे देवनागरी रूप त्याच ताकदीचे करून ठेवा. वर्णन मराठीत आणि नाव मात्र रोमनमध्ये, अशी पळवाट काढू नका.

गूगल नकाशावर ‘अबक टॉवेल्स – सोलापुरी टॉवेल होलसेल स्वस्त’ असे नाव टाकले तर जास्त गिऱ्हाईक येते म्हणतात.

गूगलचा नियम असा की नाव पाटीवर आहे तेच हवे, जादा शब्द नकोत. तक्रार झाली तर नोंद निलंबित होते आणि सोबत जमलेले अभिप्रायही दिसेनासे होतात. होलसेल वगैरे प्रकाराच्या आणि वर्णनाच्या रकान्यात लिहा.

कंपनीचे नाव बदलायचे ठरले. क्रम काय?

संचालकांचा ठराव, नाव राखून घेणे (चालू कंपनीला ६० दिवस मिळतात), सर्वसाधारण सभेत विशेष ठराव, ३० दिवसांत एमजीटी-१४ हा अर्ज, मग आयएनसी-२४ हा अर्ज आणि नवा दाखला. नाव दाखला मिळाल्यावर बदलते, ठराव झाल्यावर नाही. मधल्या काळात नवे बोर्ड रंगवायला देऊ नका.

दाखल्यानंतर पहिले पॅन. जीएसटीतले कायदेशीर नाव पॅनशी ताडले जाते, म्हणून पॅन बदलल्याशिवाय तिकडे अर्ज अडकतो. जीएसटीला १५ दिवसांची मुदत आहे, म्हणजे पॅनचा अर्ज त्याच दिवशी करायचा. पुढे टॅन (करकपातीचा क्रमांक), बँक, निर्यात संकेतांक, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, उद्यम, महावितरण. शेवटचे सगळे विसरतात. मग कर्जाच्या वेळी वीजबिल जुन्या नावाचे निघते.

नाव बदलल्यावर दोन वर्षे पाटी आणि कागदांवर नव्या नावासोबत जुनेही द्यावे लागते. ‘पूर्वीचे नाव’ म्हणून एक ओळ लेटरहेडच्या आर्टवर्कमध्ये धरूनच छपाई करा.

हे सगळे रोज कुणी बघायचे?

एका कागदावर नावांचा तक्ता करा. प्रत्येक नावाला एक ओळ, आणि रकाने असे : रोमनमधले नेमके रूप, देवनागरी रूप, लहान रूप असल्यास ते, संस्था की विभाग की ब्रँड, पॅन, जीएसटी क्रमांक, बँकेतले नाव, ट्रेडमार्कचा वर्ग आणि तारीख, कुठे वापरायचे, कुठे नाही. ‘कुठे नाही’ हा रकाना सर्वांत उपयोगी आणि नेहमी गाळला जाणारा. लहान रूप एकच ठेवा, तेही पत्रकात पूर्ण नाव एकदा आल्यानंतरच वापरा.

तक्ता हिशेबनिसाकडे द्या. बोधचिन्ह करणाऱ्याकडे नको, विक्री विभागाकडे तर नकोच. नाव चुकले की पैसे अडकल्याचे पहिल्यांदा हिशेबनिसालाच कळते. फ्लेक्स असो की वार्षिक अहवाल, छपाईला जाण्याआधी त्याची सही. फ्लेक्सवाला, डीटीपीवाला, लेबलवाला या प्रत्येकाकडे तक्त्याची प्रत आणि नावांची युनिकोड फाइल असू द्या, कारण तुमच्या नावाचे शेवटचे रूप त्यांच्याच हातून बाहेर पडते.

जुने बिलबुक, शिक्के आणि लेटरहेडचे काय करायचे?

बिलबुक वापरात चुकीचे ठरत असेल तर लगेच बंद. उरलेल्या कोऱ्या पानांवर तिरपी रेघ मारून ते ठेवून द्या, फाडू नका. लेटरहेडची मागची बाजू आतल्या हिशेबाला वापरा. रबरी शिक्के मात्र गोळा करून कापा. एखादा शिक्का गोदामातल्या टेबलाच्या खणात राहतोच, आणि पुढच्या चलनावर नेमका तोच उमटतो.